फुटक्या पिस्टनची माळ

किस्से साठवायला वय लागतं असं लोक म्हणतात. साफ खोटं! वय नाही लागत, गिऱ्हाईक लागतं. माझ्या मशीनखाली दिवसभर धातूचा बुरा साचतो. संध्याकाळी झाडून काढावा, तर सकाळी मशीन सुरू केलं की पुन्हा आहेच. आमच्या गॅरेजातल्या किस्स्यांचं तसंच आहे. एक सांगून संपवावा, तोवर दुसरा दारात येऊन हॉर्न वाजवतो. हे सगळं मी हसत हसत सांगणार होतो. पण एकेक आठवला की कानशिलं तापतात, त्याला माझा इलाज नाही.

मी उद्यमनगरात आप्पाच्या गॅरेजात हेड घासतो. हेड म्हणजे इंजिनाचं डोकं. ते मशीनवर धरून खालून सपाट करायचं, हे माझं काम. आमच्याकडं साध्या गाड्या येत नाहीत. जिच्या मालकाला साधं पळायचा कंटाळा आलाय, ती गाडी येते. शर्यतवाले येतात, घाट चढायच्या स्पर्धेवाले येतात, आणि उरलेले नुसते हौशी. मागणं सगळ्यांचं एकच, "आप्पा, ताकद वाढवून द्या!"

ताकद वाढवायची तर दाब वाढवावा लागतो. पिस्टन वर येताना पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो. दहापट दाबलं तर दहाचा रेशो, बारापट दाबलं तर बाराचा. मी हेड जितकं घासीन तितकी वरची जागा कमी, तितका रेशो जास्त, तितकी ताकद. पण पेट्रोलच्या सोसण्यालाही हद्द असते. दाब फार झाला की ते ठिणगीची वाट बघत नाही, आपलं आपण भडकतं, आणि पिस्टनच्या टाळक्यात हातोडा घातल्यासारखी खटखट सुरू होते. त्याला नॉकिंग म्हणायचं. ते ऐकूनही गाडी दामटली, की पिस्टनला भोक! पेट्रोल किती दाब सोसतं ते सांगणारा आकडा म्हणजे ऑक्टेन. आप्पा सोपं करून सांगतो, "ऑक्टेन म्हंजे पेट्रोलची राग गिळायची ताकद."

हे सांगणाऱ्या आप्पाचं स्वतःचं ऑक्टेन रॉकेलएवढं आहे!

*

आप्पाचा नियम एकच. बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न, "पेट्रोल कुठलं घालणार?"

साधं म्हणालात तर तो बेताचा रेशो ठेवतो. महागडं, शंभर ऑक्टेनचं म्हणालात तर दाबून इंजिन बांधतो. दोन्ही इंजिनं इतकी टिकतात की पुढं नातवानंही चालवावीत. अट एवढीच, की खरं सांगा.

आणि नेमकं तेवढंच लोकांना जमत नाही! डॉक्टरला दारूबद्दल खोटं सांगतील, सासऱ्याला पगाराबद्दल खोटं सांगतील, ते मी समजू शकतो. तिथं लाज असते. पेट्रोलबद्दल खोटं बोलून काय मिळतं, सांगा मला! तुझंच इंजिन, तुझीच टाकी, आणि भोक पडणार तेही तुझ्याच पिस्टनला!

म्हणून आप्पानं माळ केली. बाकीचे लोक दुकानाच्या दारात लिंबू-मिरची बांधतात, आप्पा भोक पडलेले पिस्टन तारेत ओवून टांगतो. प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं गिऱ्हाइकाचं उत्तर लिहिलेलं, त्याच्याच शब्दांत. 'आईशप्पथ शंभर ऑक्टेन.' 'पुण्यासनं कॅन मागवतो.' 'माझ्या पावण्याचाच पंप हाय.' वारा सुटला की सगळी खोटी उत्तरं एकदम वाजतात.

एकदा चहाच्या गाड्यावर समोरच्या रेडिएटरवाल्यानं काडी घातली. "आप्पा, सगळी चूक गिऱ्हाइकाचीच? तुजी येकबी न्हाय?"

आप्पानं ग्लास असा आपटला, की चहा माझ्या शर्टावर. "ऐक! ज्या दिवशी माज्या चुकीनं येक पिस्टन फुटंल, त्या दिवशी त्याच्यावर माजं नाव लिवून माळंत आडकवीन आन् शटर ओढीन. कायमचं!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. तेव्हापासून फुटकं इंजिन खोलायला घेतलं, की रेडिएटरवाला हात पुसत येऊन उभा राहतो. चूक कुणाची निघते ते बघायला. आणि मी देवाला हात जोडतो, चूक गिऱ्हाइकाचीच निघू दे. कारण या वयात मला हेड घासण्याशिवाय दुसरं काही येत नाही. शटर आप्पाचं असलं तरी त्याच्याखाली मान माझीही आहे!

*

माळेतला सगळ्यात मोठा पिस्टन उचगावच्या बंटीचा. बंटीचं टाइल्सचं दुकान आहे. गाडीवर इतके स्टिकर, की मूळ रंग कुठला ते आरटीओलाही सांगता येणार नाही.

"पेट्रोल कुठलं घालणार?" आप्पानं विचारलं.

"शंभर ऑक्टेनचंच आप्पा. दुसरं टाकीला दावत न्हाय मी."

आप्पानं साडेबाराचा रेशो बांधून दिला. गाडी गेली ती बाणासारखी. आणि आली ती टेम्पोला बांधून. इंजिन खोललं. पिस्टनला एवढं भोक, की त्यातनं मला रेडिएटरवाल्याचं तोंड दिसलं.

"काय घातलंतंस?" आप्पा.

"शंभर ऑक्टेनचंच!"

"खरं बोल."

बंटीनं मोबाईल काढला. त्यात फोटो! पंपावर बंटी उभा आहे, हातात नळी, मागं शंभराचा बोर्ड, डोळ्यावर गॉगल, वर लिहिलंय 'ओन्ली प्रीमियम'. "पुरावा हाय आप्पा. पयल्या दिवशी घातलंतं की!"

"आन् दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी कोण फोटो काढतंय?"

आप्पा ओरडला ते चहाच्या गाड्यापर्यंत ऐकू गेलं. "इंजिन काय तुज्या फोटोवर चालतंय व्हय रं, सुक्काळीच्या!"

बंटीला राग आला नाही. त्याला वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, पिस्टनवर उत्तराखाली माझं नाव बी टाका, जरा मोठं. आपलं पेज हाय."

*

दुसरा एक होता. चांगला शिकलेला, शांत, चष्मेवाला. त्यानं कुठूनतरी ऑक्टेन वाढवायच्या औषधाची बाटली मागवली होती. आप्पाला असल्या बाटल्या आवडत नाहीत, पण माणूस नम्र होता म्हणून आप्पानं सोसलं. "वापरा. पर ठरल्या मापात वापरा," एवढंच म्हणाला.

चार दिवसांनी गाडी परत. खटखट तर चालूच, वर धूर निळा.

"औषध घातलंत न्हवं?" आप्पानं विचारलं.

"हो तर. अख्खी बाटली."

"आख्खी? टाकीत?"

"टाकीत कशाला? इंजिनात! वर ते झाकण असतं ना, तेल घालायचं. तिथून."

आप्पाच्या कपाळावरची फुगलेली शीर मला मशीनपाशी उभं राहून दिसत होती. शेवटी कसाबसा म्हणाला, "साहेब, पेट्रोलचं औषध पेट्रोलात घालत्यात."

"पण बाटलीवर इंजिनाचं चित्र होतं!"

आता सांगा, कुत्र्याच्या बिस्किटाच्या पुड्यावर कुत्र्याचं चित्र असतं, म्हणून काय कुत्र्याला चहात बुडवायचं? मी हे तोंडावर बोललो नाही. आप्पा बोलला!

*

बिद्रीकडचे एक पाहुणे आहेत. उसाचं रान मोठं, आवाज त्याहून मोठा. त्यांची जुनी, कार्बुरेटरची जीप चिखलातल्या शर्यतीला पळते. हल्ली पेट्रोलात इथेनॉल मिसळून येतं, ते तुम्हाला माहीत आहेच. इथेनॉल दाब चांगलं सोसतं, त्याबद्दल आप्पाची तक्रार नाही. पण ते जळताना जास्त लागतं. जुन्या जीपच्या कार्बुरेटरमधली पेट्रोल यायची भोकं मोठी करून द्यावी लागतात, नाहीतर इंजिन उपाशी राहून तापतं.

हे पाहुण्यांना पटवता पटवता आप्पाचा घसा बसला.

"मला काय सांगतोस आप्पा? ऊस माजा. इथेनॉल माज्या उसाचं. मग माज्याच गाडीला का म्हून तरास?"

"पावणं, गाडीला काय कळतंय ऊस कुणाचा त्ये?"

"कळायला पायजे!"

"बरं, ऊस तुमचाच. पर भोकं मोठी करू द्या."

"भोकं मोठी केली तर पेट्रोल जास्त खाईल."

"खाईल. पर जगंल!"

तासभर असं चाललं. शेवटी आप्पानं टेबलावर मूठ आपटली, की पाना उडून खाली पडला. पाहुणे विचारात पडले. आप्पाला वाटलं, पटलं. मलाही वाटलं. मग पाहुणे खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, "मग आसं कर. मला उसाची जात सांग. औंदा शहाऐंशी शून्य बत्तीस लावलाय. त्येचं ऑक्टेन कमी पडत आसंल, तर म्होरल्या लागणीला दुसरी जात लावतो!"

आप्पा उठून मागच्या बाजूला गेला. तिथं एक जुनं टायर आहे. आप्पानं त्याला लाथा घातल्या, तोंड धुतलं आणि परत आला.

*

आप्पाच्या रागाचं डॉक्टरनंही मनावर घेतलं. रक्तदाब वर. "रागावणं बंद," म्हणाले. अरे, तुम्ही आमच्या गॅरेजात एक सकाळ बसून दाखवा, मग औषध लिहा!

तेव्हापासून काकू, म्हणजे आप्पाची बायको, घरून ताकाची बरणी पाठवतात. राग आला की आप्पानं एक ग्लास ताक प्यायचं. मी त्या बरणीवर खडूनं लिहिलं, 'ऑक्टेन वाढवायचं औषध. फक्त टाकीत घालणे.' आप्पानं ते वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि सकाळी सकाळीच एक ग्लास संपवला.

त्याच आठवड्यात रील बनवणारा एक बहाद्दर आला. गळ्यात माईक, मोबाईल काठीवर. त्याला चौदाचा रेशो हवा होता. साध्या पेट्रोलवर!

"न्हाय सोसायचं," आप्पा म्हणाला.

"तेराच्या खालची गाडी म्हणजे आजीबाईची गाडी, आप्पा. आमचे फॉलोअर हसतील."

आप्पानं ताक प्यायलं.

"रेशो वर वर नेऊन बघू. फुटलं तर फुटलं, व्हिडिओ होईल."

आप्पानं दुसरा ग्लास प्यायला.

"डिझेल गाड्यांना तर सतरा-अठराचा असतो म्हणे. मग आम्हाला चौदा का नाही?"

ताक संपलं होतं! आप्पानं बरणी खाली ठेवली आणि अतिशय गोड आवाजात म्हणाला, "मग डिझेलच घाला की."

तो निघून गेला. आम्हाला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी फोन. "आप्पा, गाडी सुरूच होईना."

"काय केलंस?"

"तुम्ही सांगितलं तेच! टाकी फुल केली!"

त्या दिवसापासून गॅरेजात टोमणे मारायला बंदी आहे. टोमणा मारायला समोरच्याला थोडीतरी अक्कल लागते, ती गृहीत धरून चालत नाही.

*

आता शेवटचा. हा सांगायचा की नाही, यावर मी आणि रेडिएटरवाला अजून भांडतो. पण गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, मग तुम्हालाच का नको?

आप्पाची एकुलती एक मुलगी स्वाती. लहानपणापासून गॅरेजात वावरलेली. आवाज ऐकून इंजिन कुठं दुखतंय ते सांगणारी. तिला गडहिंग्लजला दिली. जावई विश्वासराव. खताचं दुकान, बोलणं मऊ, माणूस साखरेचा. आणि अख्ख्या जगावर खेकसणारा आमचा आप्पा जावयापुढं असा होतो, की ओळखू येत नाही. जावई आले की खुर्ची स्वतः पुसणार. चहा स्वतः आणणार. त्यांच्यासमोर मला 'अरे'चं 'अहो' करतो, मला हुडहुडी भरते!

मागच्या उन्हाळ्यात विश्वासराव त्यांची जुनी गाडी घेऊन आले. खुर्चीत अंग चोरून बसले आणि म्हणाले, "मामा, जमलं तर थोडी ताकद वाढवून मिळंल काय? घाईचं काय न्हाय."

आप्पाला आभाळ ठेंगणं झालं. लग्न झाल्यापासून जावयानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मागणं तेही इंजिनाचं! आप्पानं लगेच बॉनेट उघडलं. मी मशीनपाशी थबकलो. प्रश्न विचारला गेला नव्हता.

मी खूण केली. आप्पानं डोळे वटारले. मी जवळ जाऊन कानात म्हणालो, "आप्पा, पेट्रोल?"

"गप्प बस! जावयाची उलटतपासणी घ्यायची व्हय? आपला जावई हाय. साधं घालंल त्यो?"

झालं. आप्पानं आयुष्यातलं सगळ्यात देखणं इंजिन बांधलं. साडेबाराचा रेशो, शंभर ऑक्टेनचा हिशोब. माझ्याकडनं हेड असं घासून घेतलं, की त्यात बघून दाढी करावी. विश्वासराव पाया पडून गाडी घेऊन गेले.

आणि एका दुपारी तवंदी घाटात, भर उन्हात, एसी लावून, मागं खताची पोती घालून चढताना ती फुटली.

गाडी ओढून आणली. स्वातीही आली. इंजिन खोलायला घेतलं तसा रेडिएटरवाला येऊन उभा राहिला. त्याच्यामागं अर्धी गल्ली. पिस्टन बाहेर आला. आरपार भोक. मी मनात म्हणत होतो, विश्वासराव, खोटं बोला हो! एकदाच म्हणा, शंभर ऑक्टेनचं घालीन असं मी आधीच सांगितलंतं, म्हणजे चूक तुमची आणि शटर वर!

आप्पानं पिस्टन हातात धरला. आवाज इतका बारीक, की मला वाटलं दुसराच कोणी बोलतोय. "जावई, राग मानू नका. पर... पेट्रोल कुठलं घातलंतं?"

"साधं, मामा. आमच्याकडं दुसरं मिळतच न्हाय."

"मग आधी... बोलला न्हाईसा?"

विश्वासरावांनी निर्मळ चेहऱ्यानं बघितलं. "तुम्ही विचारलंच न्हाई. विचारलं असतं तर सांगितलं असतं की."

इतक्या वर्षांत खरं सांगणारा एकच माणूस दारात आला, आणि नेमकं त्यालाच विचारायचं राहिलं!

स्वाती नवऱ्यावर वैतागली. "अहो, घाटात नॉकिंग आलं न्हाई? खटखट?"

"आवाज येत होता गं. मला वाटलं ताकद वाढलीया, तिचाच असंल. नॉकिंग नॉकिंग म्हणता सगळे, ते ऐकायला कसं असतंय ते मला कुणी ऐकवलंय काय?"

ऐकवणार कसं? इंजिन तर टेबलावर तुकड्यात पडलेलं!

आप्पानं ब्रश बुडवला. पिस्टनवर स्वतःचं नाव लिहिलं, माळेत अडकवला. आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि शटर ओढलं. रेडिएटरवाल्याला इतकी वर्षं हेच बघायचं होतं, पण तो रडकुंडीला आला होता. "आप्पा, मी चेष्टेत बोललोतो की रं!" आप्पानं ऐकलं नाही. शब्द म्हणजे शब्द.

पण घरी बसायचं कुठं? काकू बसू देईनात. म्हणून आप्पा रोज वेळेवर यायचा, शटर कमरेएवढं उचलायचा, वाकून आत जायचा आणि परत खाली ओढायचा. आत बसून दिवसभर पाने पुसायचा. मी बाहेर कट्ट्यावर. गिऱ्हाइकं यायची, विचारायची, "बंद का?" मी सांगायचो, "जावई खरं बोलला म्हणून." कुणाला कळायचं नाही. मलाही सांगताना राग यायचा.

असं चालू असताना एका सकाळी एसटीनं स्वाती आली. बरोबर विश्वासराव, चेहरा एवढासा. स्वातीनं शटरवर थाप मारली. "बाबा, उघडा."

आतनं, "शब्द दिलाय."

तिनं शटरला डोकं टेकलं, हात जोडले, जेवणार नाही म्हणाली. आतनं उत्तर तेच. मग ती माझ्याशेजारी कट्ट्यावर येऊन बसली. माळेतल्या पिस्टनांवरची खोटी उत्तरं एकेक करून वाचली. आणि हळूच म्हणाली, "काका, एक माणूस पायजे. भरपूर खोटं बोलणारा."

मी म्हणालो, "माल भरपूर हाय. कसला देऊ?"

मी उचगावला फोन लावला. बंटीला काहीही सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, "स्वाती आलीया, तुझ्या नव्या इंजिनाचं बघू म्हणतीया, ये." अर्ध्या तासात बंटी हजर. गाडीवर नवे स्टिकर.

स्वातीनं त्याला बरोबर शटरला पाठ लावून उभं केलं. आणि वडिलांच्याच आवाजात, खणखणीत विचारलं, "पेट्रोल कुठलं घालणार?"

"शंभर ऑक्टेनचंच ताई," बंटी म्हणाला. "दुसरं टाकीला दावत न्हाय मी."

आत पाने पुसायचा आवाज थांबला.

"मागच्या वेळी कुठलं घातलंतं?"

"तेच की! रोज तेच! फोटो हाय."

आत काहीतरी पडलं. डबा असावा.

"आमच्या उचगावात तर घरामागंच मिळतंय," बंटीला आता रंग चढला होता, "मी तर आंघोळ करून हातानं भरतो. आता आपल्या इंजिनाचं म्हणशील ताई, तर खरं सांगू? तुमच्या आप्पाचा रेशोच चुकल्या..."

वाक्य पुरं झालं नाही. शटर असं उडालं, की वरच्या पट्टीला पोचा आला, माळेतले सगळे पिस्टन एकावर एक आपटले आणि चहाच्या गाड्यावरचं कुत्रं पळून गेलं. दारात आप्पा! डोळे लाल, हातात पाना, तोंडातनं शब्द एकात एक अडकून बाहेर पडायला लागलेले, "खोट्या! खोटारड्या! फो-फो-फोटो दावतोस! मा-माजा रेशो! माजा! टा-टा-टाकी आण हिकडं, टा-टाकी आण!" आणि प्रत्येक शब्दाला पाना शटरच्या खांबावर, खट, खट, खट, खट!

बंटी स्टिकरसकट पळाला. रेडिएटरवाला दोन्ही हात जोडून रस्त्यात उभा. स्वाती हलली नाही. मी वर गेलेल्या शटरकडं बघितलं, आणि शटर वर गेलंय हे आप्पाच्या अजून लक्षात आलं नव्हतं, म्हणून मी तोंडातनं शब्द काढला नाही.

तेवढ्यात कट्ट्यावरून विश्वासराव उठले. कान देऊन ऐकत होते. बायकोजवळ गेले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"स्वाती, हेच काय गं ते नॉकिंग?"